मदत हवी आहे: मधुमालती गच्चीपर्यंत चढली, फूल एकही नाही

रामबागची_मुक्ता: नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मधुमालती लावली. वाढ इतकी की गच्चीच्या कठड्याला टेकली, पण आजवर एक झुबका नाही. समोरच्यांची मात्र मेपासून लगडलेली. भाद्रपदात आईची पंचाहत्तरी आहे. तिच्या ग्वाल्हेरच्या माहेरी विहिरीवर हीच वेल होती, रोज सकाळी विचारते, "आली का गं?" काय घालू ते लवकर सांगा.

बागवेडा: कुंडीत की जमिनीत? ऊन किती तास? खत कोणतं? फोटो टाका.

रामबागची_मुक्ता: जमिनीत. ऊन येतं. खत वेळच्या वेळी. फोटोत नुसती पानंच दिसतील.

देवासचा_शेतकरी: पालाश कमी पडतंय. ०:५२:३४ हे पाण्यात विरघळणारं खत आणा, लिटरला ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा, दहा दिवसांनी परत. मी मिरचीला हेच देतो.

सुमतीकाकू: अगं मुक्ता, रसायनं नको घालूस. आंबट ताक पाणी घालून पातळ कर, आठवड्याला तांब्याभर बुंध्याशी. माझी जुई त्यावरच बहरली.

देवासचा_शेतकरी: काकू, तुमच्या जुईला दिवसभर ऊन असेल. ताकानं कळी धरत नाही.

सुमतीकाकू: तीस वर्षं घालतेय मी. मिरची वेगळी, वेल वेगळी.

निवृत्त_मास्तर: आधी वेल कोणती ते ठरवा. माधवीलतेलाही लोक मधुमालती म्हणतात. तिची फुलं पांढुरकी, एक पाकळी पिवळसर, उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात आणि फळाला तीन पंख असतात. रंगूनची वेल, म्हणजे नेहमीची मधुमालती, निराळी. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. तिचं जुनं शास्त्रीय नाव क्विसक्वालिस, लॅटिनमध्ये "कोण? कसा?". लहानपणी झुडूप, मोठेपणी वेल, त्यावरून हे नाव शोभतंच.

रामबागची_मुक्ता: मास्तर, रंगूनचीच. समोरच्यांकडूनच फांदी आणली होती.

लोकमान्यनगर_७: मी तर म्हणेन, काढून संक्रांतवेल लावा. जानेवारीत अख्खी भिंत केशरी होते, पान दिसत नाही. खिडकीशी मधुमालती नकोच, उंदीर चढतात.

रामबागची_मुक्ता: काढणार नाही. आईला हीच हवी आहे, आणि तीही भाद्रपदात, संक्रांतीला नाही.

बागवेडा: फांदीपासून केलेली आहे, म्हणजे वयाचा प्रश्न नाही. मुक्ताताई, दोनच गोष्टी नीट सांगा. "वेळच्या वेळी" म्हणजे कोणतं खत? आणि छाटणी कोण करतं, कधी?

रामबागची_मुक्ता: माळीदादा दर महिन्याला येतात. मोठ्या कात्रीनं सगळीकडून सारखी करतात, नाहीतर खिडक्या झाकल्या जातात. त्याच वेळी मूठभर युरिया. हे सगळेच करतात ना?

बागवेडा: सापडलं! मधुमालतीची फुलं त्या हंगामातल्या नव्या फुटीच्या टोकाला येतात. महिन्याला टोकं कापली की येऊ घातलेला झुबका कात्रीखाली जातो. वर युरिया, म्हणजे नत्र, म्हणजे पानंच पानं. आपल्याकडच्या काळ्या मातीत वाढीला तसंही काही कमी नसतं. आजपासून कात्री बंद, युरिया बंद. खिडकीवरच्या फांद्या कापू नका, आडव्या ओढून तारेला सुतळीनं बांधा. बाजूच्या डोळ्यांतून फूट येते. हातमोजे घाला. पान गळलं तरी देठाचा बूड काट्यासारखा उरतो, त्याच आकड्यांनी ती वर चढते, मनगटं सोलून निघतात. मोठी छाटणी थंडी सरताना, वर्षातून एकदाच.

देवासचा_शेतकरी: युरियाचं आधी बोलला असतात तर मीही हेच म्हटलं असतं. तरी ०:५२:३४ एकदा माराच.

बागवेडा: आत्ता काहीच नको. माझ्याकडे कात्री थांबवल्यावर दीड-दोन महिन्यांत झुबके आले होते. पण ऊन पाच-सहा तास हवंच. ते अजून सांगितलं नाहीत.

रामबागची_मुक्ता: आज घड्याळ लावून बघितलं. दुपारी बारा ते साडेपाच.

बागवेडा: पुरे आहे.

लोकमान्यनगर_७: बुंध्याशी मुंग्या असतील तर हळद टाका.

रामबागची_मुक्ता: मुंग्या नाहीत हो.

रामबागची_मुक्ता: (पाच आठवड्यांनी) माळीदादा आधी नाराज झाले, मग त्यांनीच सुतळीनं फांद्या बांधून दिल्या. काल गच्चीकडच्या तीन टोकांना हिरवट कळ्यांचे गुच्छ दिसले, काडीएवढ्या बारीक नळ्या, खाली वाकलेल्या. आईला हात धरून वर नेलं. तिनं चष्मा लावून एक कळी बोटावर घेतली आणि म्हणाली, "ह्या परवा संध्याकाळी उमलतील." आता संध्याकाळी तिची खुर्ची गच्चीतच मांडते.

सुमतीकाकू: बरं झालं गं. थंडी सरताना छाटशील तेव्हा दोन फांद्या मला ठेव, सुदामानगरहून येऊन नेईन.