चार्लीचे प्रेम खरे, की मोसादने लिहून दिलेले?

आडवाटेचा वाटसरू (धागाकर्ता)

जॉन ल कारे यांच्या १९८३ सालच्या कादंबरीवरून पार्क चान-वूक यांनी दिग्दर्शित केलेली ‘द लिटल ड्रमर गर्ल’ ही बीबीसीची सहा भागांची मालिका (२०१८) नुकतीच दुसऱ्यांदा पाहिली, आणि पहिल्या वेळी जे खटकले होते ते या वेळी अधिकच खटकले. काळ १९७९ चा आहे. पश्चिम जर्मनीतील बॉन शहराच्या बाड गोडेसबर्ग भागात एका इस्रायली अधिकाऱ्याच्या घरी बॉम्बस्फोट होतो. त्यामागच्या पॅलेस्टिनी जाळ्यात शिरकाव करण्यासाठी मोसाद या इस्रायली गुप्तहेर संस्थेचा कर्ट्झ हा चार्ली नावाच्या इंग्रज नटीला हेरतो आणि त्या जाळ्यातल्या सलीमची प्रेयसी म्हणून तिला उभी करतो. सलीमची भूमिका तिच्यासमोर वठवतो तो बेकर हा इस्रायली हेर, आणि चार्ली प्रेमात पडते तीही त्याच्याच.

माझा आक्षेप असा, की पॅलेस्टिनी माणसाचे घर कसे सुटले आणि त्याचा संताप कशावर आहे, हे आपण आधी बेकरच्या तोंडून ऐकतो, तेही अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरच्या रात्री, दोन देखण्या चेहऱ्यांच्या मधोमध. निर्वासितांची व्यथा प्रणयप्रसंगाचे पार्श्वसंगीत होऊन बसते. हिंसेचे राजकारण मांडायचे होते तर प्रेमकथेची ही झालर लावायची गरज काय होती?

निशिगंध

आपण जिला झालर म्हणता तिच्यावर सगळे कथानक उभे आहे. प्रेमाचे सोंग हेच इथले हत्यार आहे, आणि कर्ट्झ ते नाटक बसवणाऱ्या दिग्दर्शकासारखा बारकाईने घडवतो. बेशुद्ध, विवस्त्र सलीमसमोर चार्लीला उभे केले जाते तो प्रसंग आठवून पाहा. कधी स्पर्शही न केलेल्या ‘प्रियकरा’च्या अंगावरचा एकेक व्रण तिने पाठ करायचा असतो, कारण उद्या कोणी विचारले तर तिला उत्तर देता आले पाहिजे. यात आपल्याला प्रणय दिसला असेल तर मला खरोखर नवल वाटते. मला तर तिथे शवविच्छेदनाची खोली दिसली.

शिवाय हे सगळे कल्पनेतलेच आहे असेही नाही. कादंबरीनंतर तीनच वर्षांनी, १७ एप्रिल १९८६ रोजी, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका गरोदर आयरिश तरुणीच्या बॅगेच्या तळाशी दडवलेले सेमटेक्स हे स्फोटक एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या सुरक्षारक्षकांना सापडले. बॅग दिली होती तिच्या प्रियकराने, नेझार हिंदावीने. लग्नाच्या आशेवर इस्रायलला निघालेल्या तिला कशाचाच पत्ता नव्हता. हिंदावीला ४५ वर्षांची शिक्षा झाली.

खडूस म्हातारा

निशिगंध, हिंदावीचे उदाहरण तुमच्याच बाजूवर उलटते. ती तरुणी फसवली गेली होती. चार्लीला मात्र आपण कोणाची चाकरी करतो आहोत हे ठाऊक असते, आणि तरीही स्फोटके भरलेली मर्सिडीज ती युगोस्लाव्हियातून हाकत नेते. मालिका या निवडीला एका धाडसी मुलीच्या साहसाचा मुलामा देते, तो मला मान्य नाही.

दुसरे म्हणजे, कर्ट्झची माणसे इथे जवळपास चुकतच नाहीत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडानंतर मोसादने जी सूडाची मोहीम चालवली, तिच्यात २१ जुलै १९७३ रोजी नॉर्वेतील लिलेहामर येथे अहमद बुशिखी नावाच्या मोरोक्कन वेटरला त्या हत्याकांडामागचा मानला गेलेला पॅलेस्टिनी नेता अली हसन सलामे समजून गोळ्या घालण्यात आल्या. तो गरोदर बायकोबरोबर सिनेमा पाहून घरी परतत होता. मालिकेचा काळ त्यानंतरचा आहे, मग या हेरांच्या मनावर त्या चुकीचे सावट नको का? प्रेमकथेने व्यापलेली जागा या शंकेला द्यायला हवी होती, असे माझे मत आहे. (म्हातारा आहे, प्रणयदृश्ये पुढे सरकवतो, हे आधीच कबूल करतो.)

निशिगंध

काका, दृश्ये पुढे सरकवल्यामुळेच ते सावट आपल्या नजरेतून निसटले. बेकरचा चेहरा पाहा, त्याला या कामाचा वीट आलेला आहे. लेबनॉनमधील प्रशिक्षणतळावर पॅलेस्टिनी माणसे स्वतःच्या तोंडाने बोलतात, आणि चार्ली तिथे इतकी रुळते की ती नाटक करते आहे की नाही हे तिलाच सांगता येऊ नये. बेकरने शिकवलेली सलीमवरची प्रीती तिच्यात मुरलेली नसती, तर हे घडलेच नसते.

आडवाटेचा वाटसरू (धागाकर्ता)

तळावरच्या प्रसंगांबाबत मी माघार घेतो, ते मी घाईने पाहिले होते. परंतु शेवटाकडे बोट दाखवल्याशिवाय राहवत नाही. सलीमचा थोरला भाऊ खलील, म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला तो माणूस, चार्लीसोबत खोलीत असताना बेकरच्या गोळ्यांनी मरतो. त्यानंतर कॅमेरा चार्ली-बेकरचे पुढे काय होणार याच्या मागे जातो. दोन भाऊ गेले, त्यांची बहीण फातमेह मागे उरली आणि याच मुलीला तिने जवळ केले होते. तिला ही बातमी कोणी सांगितली असेल, हा प्रश्न मालिकेला पडत नाही, आणि मला मात्र दोन दिवस तोच छळतो आहे.