ब्रेंडा मिल्नरवर सेमिनार आहे, 'एकाच पेशंटवरून सिद्ध काय होतं?' याला उत्तर काय देऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी टीवायला आहे, सायकॉलॉजी. पुढच्या गुरुवारी वीस मिनिटं बोलायचंय तेही मराठीतून, आणि विषय मी हट्टाने ब्रेंडा मिल्नर घेतलाय.

मला जेवढं कळलंय ते आधी सांगते. मिल्नरबाई मेंदू आणि वागणं यांचा संबंध अभ्यासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ, मँचेस्टरच्या, जन्म १९१८, केंब्रिजला शिकल्या, १९४४ मध्ये नवऱ्याबरोबर माँट्रियलला गेल्या आणि मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्याकडे पीएचडी करता करता मेंदूचे सर्जन पेनफिल्ड यांच्या पेशंटांच्या टेस्ट घ्यायला लागल्या. मग तो प्रसिद्ध एच. एम. म्हणजे हेन्री मोलेसन. फिट थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत स्कोव्हिल नावाच्या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (कानामागे आत खोल असलेला एक भाग) बराचसा काढला, तेव्हा तो २७ वर्षांचा. फिट कमी झाल्या पण नवीन काही लक्षातच राहीना. एप्रिल १९५५ मध्ये बाईंनी तारीख विचारली तर म्हणे मार्च १९५३, आणि वय २७! बुद्ध्यांक मात्र आधी १०४ होता तो आता ११२. हे वाचून मी थांबलेच, म्हणजे अक्कल सगळी जागेवर आणि स्मृती तेवढी गेली.

चांदणीचा प्रयोग मी घरी करून पाहिला. दुहेरी रेघांची चांदणी काढली, हातावर खोक्याचा पुठ्ठा आडवा धरला आणि नुसतं आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सरळ रेघ कशीबशी जमते पण टोक आलं की पेन्सिल जागच्या जागी थरथरते, हात वर न्यायला बघतो आणि रेघ खाली जाते. हेन्रीने हे तीन दिवस केलं, रोज चुका कमी होत गेल्या, आणि दर वेळी त्याला वाटायचं हे आपण पहिल्यांदाच करतोय.

आता अडलंय ते असं, की रिहर्सलला एका मैत्रिणीने विचारलं, एका माणसावरून अख्ख्या मेंदूबद्दल कसं काय ठरवता? मला उत्तर देता आलं नाही आणि वाईट वाटलं कारण मला बाईंचं काम मनापासून पटलंय. शिवाय 'प्रोसीजरल मेमरी'ला, म्हणजे सरावाने अंगवळणी पडणाऱ्या गोष्टींच्या स्मृतीला, मराठीत काय म्हणू? पुस्तकातले शब्द कुणालाच कळत नाहीत.

प्रतिसाद

ताई, मैत्रिणीचा प्रश्न चांगला आहे, त्यालाच सेमिनारच्या मध्यावर ठेव. हेन्री भेटायच्या आधीच बाईंना हा प्रश्न पडला होता. पेनफिल्डचे दोन पेशंट होते, पी. बी. आणि एफ. सी., दोघांची डाव्या एकाच बाजूची सर्जरी, तरी स्मृती गेली. बाई आणि पेनफिल्ड यांचा अंदाज असा की दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच खराब असणार. त्यांचा हा अहवाल वाचून स्कोव्हिलने फोन केला की माझ्याकडेही असाच एक आहे, आणि तेव्हा बाई अमेरिकेत त्याच्याकडे हार्टफर्डला गेल्या. पुढे पी. बी. वारल्यावर मेंदू तपासला तर उजवा हिप्पोकॅम्पस खरंच आकसलेला निघाला. अंदाज आधी, पुरावा नंतर, हे नक्की सांग.

आणि १९५७ चा पेपर एकट्या हेन्रीचा नाहीच, त्यात दहा पेशंट आहेत. एकीच्या मेंदूच्या त्या बाजूच्या भागाचं फक्त पुढचं टोक काढलं होतं, तिची स्मृती शाबूत. जसजसं मागे हिप्पोकॅम्पसपर्यंत काढलं तसतसं नुकसान जास्त. ही तुलना फळ्यावर काढून दाखव, नुसतं बोलू नकोस.

प्रभाव सांगायचा तर जॉन ओकीफ घे. मॅकगिललाच पीएचडी, पुढे लंडनला उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या, २०१४ चं नोबेल. त्याच वर्षीचं मेंदूविज्ञानातलं काव्हली पारितोषिक त्याला आणि मिल्नरबाईंना एकत्र मिळालं.

मराठी शब्द कशाला शोधतेस, आपण म्हणतोच की 'हात बसला'. हेन्रीचा चांदणीवर हात बसला पण बसल्याचं त्याला आठवेना.

धागाकर्ती

दादा, 'हात बसला' ऐकून अंगावर काटा आला, तेच शीर्षक ठेवते. पी. बी. चं मला माहीतच नव्हतं. एक शेवटचं, वर्गात सगळ्यांकडून चांदणी काढून घ्यायचीय, चाळीस जण आहोत, आरसे कुठून आणू?

प्रतिसाद

चाळीस नकोत. घरचा उभा राहणारा एक आरसा ने, दोघांना पुढे बोलव, आणि प्रत्येकाला पाच पाच वेळा काढू दे. कागद जपून ठेव, पहिला आणि पाचवा शेजारी शेजारी लाव.