नरक्या वाचवायचा तर लागवडीला मोकळीक द्यावी का?

मूळ मत
सह्याद्रीच्या सदाहरित रानातला, दुर्गंधी फुलांचा नरक्या हा लहानखुरा वृक्ष मुळासकट उपटला जातो, तो त्याच्या अंगातल्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यासाठी. वॉल आणि वाणी या अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ते एका चिनी वृक्षातून मिळवल्याचे जाहीर केले, १९७२ मध्ये ते नरक्यातही असल्याचे प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यापासून बनवलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरात आली. ही औषधे थांबवता येणार नाहीत, थांबवूही नयेत. म्हणून शेतकऱ्याला बांधावर आणि मालकी रानात नरक्या लावू द्यावा, तोडीचा व वाहतुकीचा परवाना सुलभ करावा. राजरोस माल मिळू लागला की चोरट्या तोडीला गिऱ्हाईक उरणार नाही.

पहिला प्रतिसाद
आपला हेतू चांगला आहे, परंतु मार्ग घातक आहे. लाकडाचे तुकडे वाळवून पोत्यात भरल्यावर ते बांधावरचे की राधानगरीच्या जंगलातले, हे तपासणी नाक्यावरचा वनरक्षक कशावरून ओळखणार? कागद शेताचा आणि माल रानाचा, असा व्यवहार सुरू होईल, कारण लावलेले झाड हाती येण्यास वर्षे लागतात आणि रानातले आजच उभे आहे. त्यातही नरक्याच्या पुष्कळ झाडांवर एकाच लिंगाची फुले येतात. एखाद्या खोऱ्यात मोजकीच झाडे उरली, तर ती हिरवीगार दिसूनही फळणार नाहीत. मला सर्वांत जास्त भीती याची वाटते.

दुसरा प्रतिसाद
ही शंका रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. चोर मूळ खणतो, कारण द्रव्याचे प्रमाण तिथे अधिक असते; मात्र ते पानांतही असते, आणि छाटलेल्या खोडाला फुटवे येतात. परवाना केवळ पानांना व कोवळ्या डहाळ्यांना द्यावा आणि पोत्यात मूळ किंवा खोडाचा तुकडा सापडला की तो गुन्हा मानावा. मग माल कुठला, हे ओळखण्याचा प्रश्नच बराचसा मिटतो.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर
पानांपुरती मोकळीक मला मान्य आहे. पण पानांत द्रव्य कमी, म्हणजे भावही कमी. मूळ विकत घेणारा मोकळा राहिला, तर पानांकडे कोण वळेल? आपल्याकडे पकडला जातो तो बहुधा मजुरीवर झाड खणणारा माणूस. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही हे द्रव्य तयार करते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा झाडाविना उत्पादनाची वाट अगदीच बंद नाही; अर्थात ती बुरशीही नरक्यातच मिळाली होती.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
खरेदीदाराचा मुद्दा माझ्या मांडणीतून सुटला होता. अर्क काढणाऱ्या प्रत्येक कारखान्याने कोणत्या गटक्रमांकातून किती पाने घेतली, याची नोंद दाखवावी आणि ती नसल्यास त्याच्यावरच खटला भरावा, ही अट मी माझ्या मागणीत आता परवान्याच्याही आधी घालतो.