२०४ मधलं कुत्रं आणि त्याचं सर्टिफिकेट

(सोसायटीचा मालकांचा ग्रुप, रविवार सकाळ)

बापू (५०१): नमस्कार मंडळी. माझ्या २०४ मधल्या भाडेकरू ताईंनी दिवाळीनंतर कुत्रं आणलंय, रात्री सगळे ऐकताय. करारात प्राणी ठेवायचा न्हाई असं कलम हाय. आठवण करून दिली तर काल त्यांनी हे पाठवलं. बघा आणि काय करायचं सांगा.

बापू (५०१): (फोटो)

सेक्रेटरी (३०१): सोनेरी शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर, वर कुत्र्याचा पासपोर्ट साइज फोटो. आधार कार्ड काढलंय काय त्याचं?

पिंट्या (४०२): काका, त्याला ईएसए म्हणतात. इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल. मानसिक त्रास असणाऱ्यांना सोबत म्हणून. अमेरिकेत घरमालक नाही म्हणू शकत न्हाईत.

तात्या (१०४): हा मेसेज हटवला गेला आहे

आक्का (३०३): तात्या, हटवला तरी वाचला मी. वहिनींना सांगतो थांबा.

खजिनदार (२०१): माझा प्रस्ताव. कुत्रं लिफ्टमधनं जातंय, केस पडतात, तर महिन्याला ५०० रुपये लिफ्ट चार्ज लावावा. आणि पुढच्या मीटिंगला ठराव करून प्राणीच बंद.

आक्का (३०३): माझा नातू जिन्यात घाबरतोय ते बघा आधी. पट्टा नसतो कधी कधी.

पिंट्या (४०२): ठराव? २०२५ ला नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीला वनतारात नेलं, तवा हेच सगळे सह्या गोळा करत हुते की. हत्तीण परत पायजे म्हणून आख्खा जिल्हा रस्त्यावर. खजिनदार काका, तुम्ही तर नांदणीपास्नं चालत आलासा.

खजिनदार (२०१): हत्तीण लिफ्टमध्ये येत न्हवती.

वकील काका (१०२): बापू, आधी तो फोटो काढा. खाली तिच्या आजाराचं नाव लिहिलंय. ती या ग्रुपात नाही, आणि आपण ३२ जण झूम करून वाचतोय.

बापू (५०१): चुकलं. काढला.

वकील काका (१०२): आता बोलतो. खजिनदार, लिफ्टचे पैसे आणि ठराव दोन्ही विसरा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. बहुमत असलं तरी सोसायटीनं पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये, लिफ्ट नाकारू नये, त्यासाठी वेगळी फी घेऊ नये आणि भुंकणं हे काही बंदीचं कारण नव्हे, असं त्यात स्पष्ट आहे. पट्टा लावा, घाण उचला, एवढी विनंती आपण करू शकतो. तेव्हा आक्कांची तक्रार रास्त, तुमची नाही.

पण बापूंचं तसं नाही. सोसायटी वेगळी, मालक वेगळा. लिव्ह अँड लायसन्स हा दोघांतला करार आहे, त्यात प्राणी नको असं लिहून ताईंनी सही केली असेल तर ती अट त्यांना लागू. बापूंनी करार नोंदवून घेतला हे फार बरं केलं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघा, नोंदणीकृत करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. कितीतरी मालक अजून नुसत्या स्टँपपेपरवर भागवतात आणि मग माझ्याकडे येतात.

आणि ते सर्टिफिकेट. आपल्याकडे ईएसए नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, वाजवी सोय करून देण्याची भाषाही आहे, पण मालकानं प्राणी ठेवूच द्यावा असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. कायद्याच्या नजरेत तो शिक्का लग्नपत्रिकेवरच्या गणपतीएवढाच.

पिंट्या (४०२): मग अमेरिकेत कसं काय?

वकील काका (१०२): तिथे फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आहे १९६८ चा, त्यात १९८८ साली अपंगत्वाचं संरक्षण आलं. तिथल्या गृहनिर्माण खात्यानं त्यातूनच आधाराच्या प्राण्याला ‘पाळीव’ धरायचं नाही असा अर्थ लावला. म्हणून ‘नो पेट्स’ची पाटी त्याला लागत नसे, पेट डिपॉझिटही घेता येत नसे. मोडतोड केली तर भरपाई मात्र घेता येते. आणि मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या लहान इमारतीला बहुतेक वेळा त्यातून सूट आहे. पिंट्या, ‘नाही म्हणू शकत नाहीत’ इतकं सरळ तिथेही नाही. उलट नुसत्या ऑनलाइन विकत घेतलेल्या कागदावर भरवसा ठेवू नका, रुग्णाला खरोखर ओळखणाऱ्या डॉक्टरचं पत्र बघा, असं त्याच खात्यानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं, ते मार्गदर्शन २०२५ मध्ये मागे घेतलं. कागदांचा बाजार तिकडेच आधी भरला.

मास्तर (४०१): आधाराचा प्राणी म्हणून विमानात मोर घेऊन चढायला आलेली बाई तिकडचीच ना? २०१८ ची बातमी. मोराचं तिकीटपण काढलेलं म्हणे.

वकील काका (१०२): तिकडचीच. चढू दिलं नाही. २०२१ पासून तिथल्या विमान कंपन्यांना असे प्राणी साध्या पाळीव प्राण्यांसारखेच धरता येतात.

तात्या (१०४): मोर आधाराला. बरं हाय.

बापू (५०१): म्हणजे मी नोटीस काढू शकतो?

वकील काका (१०२): शकता. एकदा जाऊन बोललात का?

बापू (५०१): व्हॉट्सअ‍ॅपवर बोललो.

वकील काका (१०२): तीन मजले खाली राहते ती बापू.

(दुपारी)

बापू (५०१): जाऊन आलो. सविस्तर लिहितोय, वैतागू नका.

बेल वाजवली तर आत भुंकणं न्हाई काय न्हाई. तपकिरी रंगाचं गावठी पिल्लू, सात-आठ महिन्यांचं. माझ्या चपलेचा वास घेतला आणि पायावरच बसलं. नाव पेढा. सर्टिफिकेटवर त्याचं ‘पेडा’ झालंय. राजाराम तलावाजवळ सापडलं म्हणाल्या. बेडरूमच्या दाराचा सनमायका खालनं वीतभर उचकटलाय, ते मी बघायच्या आधी त्यांनीच दाखवलं आणि सुताराचा आकडा पण विचारून ठेवलाय.

ताई दोन वर्षं इथल्याच डॉक्टरकडं जातात, राजारामपुरीत. कुत्रं ठेवलं तर बरंच हाय असं डॉक्टर म्हणाले हुते. पण त्यांच्याकडनं चिठ्ठी मागायची सोडून, पुण्यातल्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणून वेबसाइटवर २,५०० रुपये भरले. दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि कागद आला. खरा डॉक्टर दोन किलोमीटरवर, आणि शिक्का कुठल्या गावचा देव जाणे. फाइल उघडून दाखवत हुत्या, मी म्हटलं ठेवा ती. गोळ्यांची नावं वाचून मी काय करणार.

आता रात्रीच्या भुंकण्याचं. त्यांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग ऐकवलं. अकराला वॉचमन मेन गेट ओढतो, ते जे किर्रर्र करतं ना, त्यावर ते उठतं. सकाळी दूधवाल्यासाठी गेट उघडतं तेव्हा परत. मधल्या वेळात गप.

आक्का (३०३): गेटचं खरं हाय. माझीपण झोप मोडती.

बापू (५०१): करार मार्चअखेर संपतोय. तोवर राहू दे म्हटलं. नोटीस काढत न्हाई. काका, कागद काय करू?

वकील काका (१०२): दोघांच्या सहीचं साधं पत्र करा आत्ता. रेबीजच्या लसीच्या कार्डाची प्रत, जिन्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा, दाराची दुरुस्ती त्यांच्याकडे. आणि डॉक्टरची चिठ्ठी मागू नका, तुम्हाला तिचा उपयोग नाही. मार्चनंतर ठेवायचं असेल तर नव्या करारात ते कलम बदलून नोंदणी करा. नको असेल तर आत्ताच तोंडावर सांगा, घर शोधायला वेळ मिळेल. कुत्रं घेऊन कोल्हापुरात फ्लॅट मिळवणं म्हणजे काय ते माझ्या मुलीनं बघितलंय.

बापू (५०१): ते मार्चला बघू. बायकोला विचारायला पायजे. ती खाली आलेली मागनं, अजून वर आली न्हाई.

आक्का (३०३): पट्ट्याचं पत्रात ठळक लिहा.

खजिनदार (२०१): लिफ्ट चार्जचा प्रस्ताव मागे घेतो. केस मात्र पडतात.

मास्तर (४०१): आणि त्या ताईंना ग्रुपात घेणार काय?

सेक्रेटरी (३०१): ग्रुप मालकांचा हाय मास्तर. भाडेकरूंचा वेगळा काढायचं मागच्या गणपतीत ठरलंय, राहिलंय. उद्या सकाळी टाकी धुणार, ९ ते १२ पाणी बंद. भरून ठेवा.

पिंट्या (४०२): आणि गेटच्या चाकाला ग्रीस?

सेक्रेटरी (३०१): कुठल्या हेडखाली घालू?