मदत हवी आहे: त्रास देऊन गेलेल्या पाहुण्यांबद्दलचा रिव्ह्यू सभ्य शब्दांत, पण खरा कसा लिहावा?

नमस्कार मंडळी,

घराचा वरचा मजला आम्ही होमस्टे म्हणून देतो, एअरबीएनबी या बुकिंगच्या साइटवर नोंदवला आहे. तिथे यजमान आणि पाहुणे एकमेकांचा रिव्ह्यू लिहितात. बहुतेक पाहुणे येतात, राहतात, जाताना किल्ली जागेवर ठेवून मेसेज टाकतात. त्यांचा रिव्ह्यू लिहायला वेळ लागत नाही. या वेळी मात्र लिहिते आणि खोडते असंच चाललंय.

बुकिंग दोघांचं होतं. रात्री वरून बराच आवाज यायला लागला म्हणून विचारलं, तर वर चौघं. "मैत्रिणीची गाडी चुकली, फक्त आजची रात्र," असं उत्तर मिळालं. दुसऱ्या रात्रीही चौघंच होते. धूम्रपान चालणार नाही हे लिस्टिंगमध्ये आहे, दारामागच्या कागदावरही आहे, तरी गॅलरीतल्या कुंडीच्या मातीत थोटकं खोचलेली सापडली. निघायची वेळ ११ची, निघाले दीड वाजून गेल्यावर, आणि त्याच संध्याकाळी पुढचे पाहुणे यायचे होते. सगळ्यात जास्त जीव तुटला तो टॉवेलांसाठी. केस रंगवून पांढऱ्या टॉवेलांना पुसले आणि ते ओले टॉवेल गादीवर तसेच टाकले. रंग चादरीतून, कव्हरमधून थेट गादीत उतरला.

आता दुसरी बाजू. जिच्या नावावर बुकिंग होतं ती मुलगी बोलायला फार चांगली. प्रत्येक मेसेजला लगेच उत्तर. डागांचे फोटो पाठवल्यावर वाद न घालता भरपाई दिली. तिच्या प्रोफाइलवर अजून एकही रिव्ह्यू नाही, म्हणजे मी लिहीन तीच तिची पहिली ओळख. माझ्या दोन ओळींमुळे तिला पुढे सगळीकडे नकार मिळू नये असं मनापासून वाटतं. पण उद्या तिचं बुकिंग घेणारी यजमान घरात एकटी राहणारी बाई असली तर? दोघांची वाट बघत असताना दारात चौघं उभे राहिले तर तिनं काय करायचं? मी गोड लिहून मोकळी झाले, तर तो त्रास मी तिच्या गळ्यात घातल्यासारखंच होईल.

"ती चिडून तुमचा रिव्ह्यू बिघडवेल" ही भीती मला नाही. पाहुणे गेल्यापासून १४ दिवस मिळतात, आणि २०१४ पासून दोघांचे रिव्ह्यू एकदमच उघड होतात: दोघांनी लिहिले की, नाहीतर मुदत संपल्यावर. त्यामुळे माझं वाचून ती तिचं लिहील असं होत नाही. माझी अडचण निव्वळ शब्दांची आहे.

आत्तापर्यंतचे मसुदे:

"छान पाहुणे, धन्यवाद." हे खोटं आहे.

"अतिशय बेजबाबदार, नियमांची अजिबात पर्वा नाही." हे रागात लिहिलं होतं. वाचणाऱ्याला यातून माझा राग कळतो, घडलं काय ते कळत नाही.

"संवाद उत्तम. यांना हॉटेल जास्त सोयीचं पडेल." यजमान मंडळी असं लिहितात हे पाहिलंय, पण हे मला पटत नाही. जुन्या यजमानाला यातली "यांना घर देऊ नका" ही खूण कळते, नव्याला कळत नाही. आणि सावध करायची गरज तर नव्यालाच जास्त.

तुम्ही अशा वेळी काय लिहिता? जादा माणसांचं स्पष्ट लिहावं का? भरपाई मिळाल्यावर डागांचा उल्लेख करणं योग्य आहे का? आणि ती चांगलं वागली ते कुठे लिहायचं, सुरुवातीला की शेवटी?

प्रतिसाद

तुमचा तिसरा मसुदा टाका, तुम्ही दिलेलं कारण बरोबर आहे. बरीच वर्षं यजमान असल्याने सांगतो: विशेषणं काढली की निम्मं काम होतं. "बेजबाबदार" हा तुमचा निष्कर्ष आहे, "दोघांच्या बुकिंगवर चौघं राहिले" ही घटना आहे. घटनेवर कोणी वाद घालू शकत नाही. तिनं खाली जाहीर उत्तर लिहिलं तरी तुमचं वाक्य उभं राहतं, कारण मेसेजमध्ये त्याची नोंद आहे. जे मेसेजमध्ये किंवा फोटोत नाही ते मी रिव्ह्यूत घेत नाही. हेतूबद्दल तर कधीच लिहीत नाही. गाडी खरंच चुकली होती की नाही, हे आपल्याला ठरवता येत नाही.

भरपाई झाली की डागांचा विषय माझ्या मते मिटला. लिहायचंच असेल तर असं लिहा: "थोडं नुकसान झालं, ते त्यांनी लगेच भरून दिलं." हे तिच्या बाजूचंच वाक्य आहे. मी स्वतः नुकसानीत पाहुणा पाहतो तो त्यानंतर कसा वागला यावरून. वस्तू कोणाच्याही हातून खराब होते. उशिरा निघण्याबद्दल जाहीर लिहू नका, ते फक्त तिलाच दिसणाऱ्या खासगी टिपणात सांगा. थोटकांचंही तिथेच. ती नवी आहे, तिला बहुधा कोणी नीट सांगितलंच नसेल.

तारे मात्र कंजूषपणे किंवा उदारपणे न देता जसे आहेत तसे द्या. स्वच्छता, संवाद, घराचे नियम असे वेगवेगळे विचारतात ते याचसाठी. संवादाला पाच आणि नियमांना दोन, यात विसंगती काही नाही.

आणि एक काळजी घ्या: रिव्ह्यू आणि पैसे एका मेसेजमध्ये कधीही एकत्र आणू नका. "भरपाई दिलीत तर चांगलं लिहीन" असा नुसता सूर निघाला तरी तो नियमभंग ठरतो. तुमच्या बाबतीत पैसे आधीच मिळाले आहेत, तरी आता तिच्याशी बोलताना रिव्ह्यूचा विषय काढू नका.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी बहुतांश सहमत, पण थोटकं खासगीत ठेवू नयेत असं वाटतं. ज्यांच्या घरात दम्याचा रुग्ण आहे किंवा लाकडी बांधकाम आहे त्यांना हे कळायलाच हवं. एक साधं वाक्य पुरेल. कौतुक सुरुवातीला लिहा, पण त्यानंतर "पण" घालू नका. "पण" आला की आधीचं सगळं पुसलं जातं. पूर्णविराम द्या आणि पुढचं वाक्य सुरू करा.

धागालेखिका

दोघांचेही आभार. थोटकांचं जाहीर लिहायचं ठरवलं, दम्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. उशिराचं खासगी टिपणात लिहिते. आता असं झालंय:

"संवाद तत्पर आणि नम्र. राहताना थोडं नुकसान झालं, ते त्यांनी विनावाद भरून दिलं. बुकिंग दोघांचं होतं, दोन्ही रात्री चौघं राहिले. गॅलरीत धूम्रपान झालं, आमच्याकडे ते चालत नाही. पाहुण्यांची संख्या आणि घराचे नियम आधी मेसेजवर ठरवून घेतलेत तर यांचं राहणं सुरळीत होईल असं वाटतं."

शेवटचं वाक्य पुढच्या यजमानासाठी मुद्दाम ठेवलंय, म्हणजे तिला नकार न देताही काळजी घेता येईल. एकच शंका उरली आहे: "पुन्हा यांना जागा द्याल का?" असं विचारतात तिथे काय निवडू? ती एकटी किंवा दोघं आले तर मी नक्की देईन.