धर्म की सरकार: स्वातंत्र्याला जास्त धोका कोणाचा?

प्रश्न (डिचोली): गोव्याचा इतिहास बघता जास्त भीती कोणाची?

उत्तर १ (फोंडा): दोघांच्या युतीची. इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६० ला आलं ते पोर्तुगीज राजसत्तेच्या पाठबळावर. १६८४ ला कोंकणीवर बंदी मागितली पाद्र्यांनी, फर्मान काढलं व्हाईसरॉयने. सही सरकारचीच लागते!

उत्तर २ (म्हापसा): सहमत. म्हणून आज जमावबंदीचा आदेश नीट वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३: मुदत २ महिने, राज्य सरकारने वाढवली तर आणखी कमाल ६. कारण मोघम असेल तर आधी त्याच दंडाधिकाऱ्याकडे रद्द करण्याचा लेखी अर्ज, मग उच्च न्यायालय. लोक मुदत संपेपर्यंत थांबतात, तिथेच चुकतं.

उत्तर ३ (पेडणे): अर्जाची पोच घ्याच.