मदत हवी आहे: दारू, अपघात आणि सूड, एकांकिकेत दोन जागा अडल्यात

कथानक असं: पारोळ्याजवळ महामार्गावर दारू पिऊन पिकअप चालवणारा ड्रायव्हर, त्यात गेलेला मुलगा आणि सूडाला पेटलेला बाप. कायद्याची बाजू पक्की आहे. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. रक्त उशिरा घेतलं तर आकडा तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतो. बापाचा संशय तिथेच रोवलाय.

अडलंय ड्रायव्हरच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या सीनमध्ये. दारू तुटल्यावर हात थरथरतात सहा-आठ तासांत, फिट येते बहुधा पहिल्या दोन दिवसांत, भास-भ्रम वाढतो दोन-तीन दिवसांनी. हे सगळं एका रात्रीत कोंबलं की नाटकी होतं (नट मात्र खूश!). रंगमंचावर पूर्ण अंधार (ब्लॅकआउट) न करता तीन दिवस कसे सरकवावेत? लाईट फक्त सहा आहेत, डिमर दोन.

दुसरं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची (दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) नववी पायरी: ज्यांचं नुकसान केलं त्यांची थेट भरपाई करा, पण त्यानेच त्यांना इजा होणार असेल तर नको. मग ड्रायव्हरने बापाच्या दारात जावं का? की बापानेच केंद्रावर यावं?

बाप अहिराणी बोलतो. त्यात लेवा बोली मिसळलीय का, हे अमळनेर-पारोळ्याकडचं कुणी तपासून देईल का?